पहिली सही

या तेरा माणसांपुढे वहिनींनी हात टेकले होते.

पुस्तक-बांधणीच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणत, अगदी मालकसुद्धा. बावीस वर्षं त्यांचं काम एकच. लांबलचक टेबलावर पुस्तकाच्या घड्या घातलेल्या छापील कागदांचे, म्हणजे फर्म्यांचे, अकरा गठ्ठे मांडायचे, टेबलाभोवती चालत प्रत्येकातला एकेक फर्मा उचलायचा, फेरी संपली की एक पुस्तक जुळलं. दिवसाला अशा किती फेऱ्या होत ते त्यांच्या पायांना ठाऊक. आता पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, अधूनमधून बसा, नाहीतर पाय कामातून जातील. मालकांना विचारलं, तर ते गोड हसून म्हणाले, "वहिनी, बसायचंच असेल तर घरी बसा की. मी कुठे नको म्हणतोय?"

म्हणजे बसायची जागा मागायला कामगारांची युनियन झाली तर वहिनींची नोकरी राहणार होती, नाहीतर नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. आणि तरी तीन आठवडे घोंगडं भिजत पडलेलं.

चहाच्या सुट्टीत कागदांच्या गठ्ठ्यांमागे बैठक भरायची. पहिला आठवडा नावात गेला. दुसरा शिक्क्यात. कायद्याचं एक पुस्तक बांधताना वाचलं म्हणून 'वकील' झालेला खळवाला दर वाक्याला कलम सांगायचा. कटिंगवाला म्हणायचा, "आधी अध्यक्ष ठरवा." शिवणवाली फक्त मान हलवायची, होय की नाही ते तिचं तिला माहीत. आणि सह्यांचा कागद पुढे आला की सगळे मूग गिळून गप्प. निम्म्याहून जास्त, म्हणजे आठ सह्या हव्या होत्या. पण पहिलं नाव कोणाचं? मालक पहिलं नाव वाचणार आणि त्यालाच धरणार.

"मी करते पहिली," वहिनी म्हणाल्या.

"छे, वहिनी, तुम्ही आधीच त्यांच्या नजरेत आहात," वकील म्हणाला आणि त्याने तोडगा काढला. खळीच्या डब्याचं भलंमोठं झाकण कागदावर ठेवून कडांना टेकणारा गोल आखला. गोलाभोवती सह्या करायच्या. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. झालं, आता वरच्या टोकाला कोण, यावर दोन दिवस. वहिनींनी कपाळाला हात लावला.

एकदाच्या आठ सह्या झाल्या. शाई वाळायला कागद टेबलाच्या टोकाला, अकराव्या गठ्ठ्याशेजारी ठेवला. तेवढ्यात मालकांची चाहूल लागली, सगळे पांगले, वहिनी फेऱ्या मारू लागल्या. बावीस वर्षांचा हात तो. टेबलावर कागद दिसला की उचलतो, विचारत नाही. अकरा फर्मे उचलले आणि बारावा तो कागदही.

कळलं तेव्हा दुपार झाली होती आणि त्या जुळणीची चारशे पुस्तकं शिवून, चिकटवून, कापून रचली होती. वहिनींना स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. जेवणाची सुट्टी बुडवून चौदाही जण पुस्तकं चाळत बसले. शेवटी शिवणवालीला ते पुस्तक सापडलं. कागद होता, पण कटिंगच्या मशीनने नेहमीप्रमाणे तीन बाजू छाटलेल्या. शिवणीकडच्या तीन सह्या वाचल्या होत्या. बाकीच्या पाच मशीनखालच्या कातरणांत.

"नशिबातच नव्हतं म्हणायचं," कटिंगवाला म्हणाला. त्याच्या तोंडावर चक्क सुटका दिसत होती. ज्यांच्या सह्या कापल्या गेल्या ते बाकीचे चौघेही मान डोलावू लागले.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नशीब कसलं? मशीन तू चालवलंस. बावीस वर्षं तुमची पुस्तकं जुळवली मी, तुम्हाला काही जुळवता येईना. तुमचं चालू द्या." त्यांनी कोरा कागद ओढला, वरच्या टोकाला ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं, 'युनियन हवी' एवढंच लिहून सही ठोकली आणि तो तसाच मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मालकांनी वाचला. "एकच नाव?"

"सध्या एकच."

"मग उद्यापासून आराम करा, वहिनी," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. वहिनींनी तो जाता जाता कटिंगवाल्याच्या हातात कोंबला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दार वाजलं. उशीवर पाय टाकून पडलेल्या वहिनींनी उठून उघडलं, तर जिन्यावर तेराही जण. कटिंगवाल्याने तोच कागद पुढे केला. त्यांच्या नावाखाली ओळीने तेरा सह्या होत्या. शिवणवालीचीसुद्धा. खाली वकिलाच्या अक्षरात मागणी: वहिनींना कामावर परत घ्यावं आणि बसायला जागा द्यावी.

वहिनींनी कागद हातात घेऊन एकेका सहीवरून बोट फिरवलं.

"मालक काय म्हणाले?" त्यांनी शेवटी विचारलं.

वकील भिंतीकडे बघू लागला.

"दाखवलाच नाहीत?"

"दाखवणारच होतो," कटिंगवाला म्हणाला. "पण म्हटलं, तुम्ही पुढे असलात की बरं पडतं."

वहिनींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तेराही जण खरंच वाट बघत होते. त्यांनी दारामागच्या चपला ओढल्या आणि सुजलेले पाय कसेबसे त्यांत घातले.