श्रावणी सोमवारचा तांब्या

लग्नानंतरचा पहिला श्रावण. माझ्या सासरची रीत अशी, की नव्या जोडप्यानं सोमवारी सोलापुरातल्या अडुसष्ट शिवलिंगांपैकी जमतील तेवढ्यांना अनवाणी जाऊन पाणी घालायचं. मी मैंदर्गीची, शहर कधी धड पाहिलेलं नाही. नवरा म्हणाला, "देव बी हुतोय, फिरणं बी हुतंय." मी लई खूश! तांब्या घेऊन गाडीवर त्याच्या मागं बसले.

तळ्यातल्या सिद्धेश्वराचं दर्शन होईस्तोवर पावसानं झोडपायला सुरुवात केली. सोलापूरचा पाऊस एरवी तोंड दाखवायला लाजतो, त्या दिवशी मेला अंगावरच धावून आला. किल्ला बघायला शिरलो तर वाटेवरची खडी तळव्यांत घुसायला लागली. मी पिशवीतल्या चपला काढल्या न् घातल्या.

"काढ त्या," नवरा म्हणाला. "लिंगं संपली न्हाईत अजून."

"बुरूज काय लिंग हाय व्हय? त्याला कशाला अनवाणी?"

कमानीखाली पाऊस थांबायची वाट बघत उभे असलेले लोक खो खो हसले.

फाडकन् थोबाडीत बसली. कानात शिट्टी वाजली, ओठ फाटला, रक्त पावसाबरोबर साडीवर उतरलं. हसणारे सगळे एकदम बुरुजाकडं बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, "पोरी, देवाचा वार हाय. गप ऱ्हा." मलाच! मारणाऱ्याला कुणी चकार शब्द बोललं नाही.

चपला काढल्या, गाडीवर बसले. आतून मात्र नुसती पेटले होते. आज गिळलं तर जन्मभर गिळावं लागणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पुढच्या लिंगापाशी पाणी घालायला वाकले, तर हा मागून म्हणतो, "आता कशी वठणीवर आलीस!"

वळले आणि भरला तांब्या तसाच त्याच्या कपाळावर हाणला. तो चिखलात बसला, भुवईतून भळाभळा रक्त. उठायला लागला तसा तांब्या परत उगारला. "पुन्यांदा हात लावशील तर डोस्कं फोडीन तुझं!" तोवर मी त्याला 'अहो' म्हणत होते. त्यानं हात उचलला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाली घेतला.

घरी सासूबाईंनी त्याचं कपाळ बघितलं. "काय झालं रं?"

"घसरलो पावसात," म्हणत तो आत गेला.

सासूबाई हळद घेऊन आल्या, त्या माझ्याकडं. माझा फुटका ओठ बघितला, त्याच्या भुवईचं त्यांना न सांगताच कळलं. आता ह्या मला माहेरी हाकलणार, असं मी धरूनच चालले होते. हळद लावता लावता त्यांचा हात थांबला.

"मीबी सगळ्यांना असंच सांगत आले की गं, घसरले म्हणून," त्या म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. "एकदा तरी मारायला पायजे हुतं मी."