वैजयंती मॅडमचं पूरक वाचन

वैजयंती मॅडम गेल्या आणि क्लासच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली.

ह्यातल्या कुणीही त्यांची एकही पीडीएफ शेवटपर्यंत वाचलेली नाही.

रागात लिहितेय. समजून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅडम मूळच्या हैदराबादच्याच, गौलीगुड्यातल्या मराठी घरात वाढलेल्या. आयुष्यभर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर तेच ऑनलाइन शिकवायच्या, इंग्रजीतून.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेली. प्रमोशन हवं होतं म्हणून त्यांचा कोर्स लावला.

प्रत्येक लेक्चरनंतर त्या सप्लिमेंटरी रीडिंग पाठवायच्या. पानंच्या पानं, स्वतः टाइप केलेली. ग्रुपवर पटापट अंगठे उमटायचे आणि विषय संपायचा.

मी वाचायचे. अभ्यासू वगैरे काही नाही. ह्या शहरात माझं कुणी नव्हतं आणि रविवार संपता संपत नसे.

अशाच एका रविवारी रिग्रेशनची शेवटची आकृती संपली आणि खाली चक्क मराठी.

‘इथवर आला असाल तर जेवायला या. आज आंबाडीची भाजी आहे.’

त्याखाली फोन नंबर.

मला वाटलं, दुसरीकडचं काहीतरी चुकून पेस्ट झालंय. तेवढं सांगावं म्हणून फोन केला.

मॅडमनी मला मध्येच तोडलं.

म्हणाल्या, "आख्खी वाचलीस?"

हो म्हटल्यावर पत्ता सांगितला. तू येईपर्यंत भाकऱ्या होतात म्हणाल्या.

जेवताना मी विचारलं, मॅडम, मराठीत लिहिलंत तर बाकीच्यांना कळणार कसं? वर्गात निम्मे तेलुगू, उरलेले कुठकुठले.

"नाही कळलं तर विचारतील ना गं," त्या म्हणाल्या. "कॉलेजात हेच करायचे मी. नोट्समध्ये काहीतरी भलतंच घुसवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पोरं टेबलाभोवती हजर, ये क्या लिखे मॅडम म्हणून. आता कोई पूछतेच नै."

भाजी वाढता वाढता बोलत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. स्क्रीनवर नुसती नावं दिसतात, वर्ग भरलाय की रिकामा तेच समजत नाही. एवढी बॅच झाली की बंद करणार होत्या.

केलं नाही बंद. पुढची बॅच घेतली, मग त्यापुढची.

माझा कोर्स संपला, प्रमोशनही झालं, पण पीडीएफ येत राहिल्या. शेवटी कधी थालीपीठ असायचं. कधी ‘गुडघे धरलेत, येताना तूच काहीतरी घेऊन ये.’ एकदा तर ‘बेगम बाजारातून तीळ आण, निवडलेले’. पंधरा पानं प्रोबॅबिलिटी, आणि खाली तीळ.

मी जायचे. आईशी फोनवर बोलतानासुद्धा इतकं मनमोकळं बोलणं होत नसे.

मग आजारपण आलं, ते वाढलं तरी त्या शिकवत राहिल्या. मला वाटायचं, सवय असेल. रिकामं बसवत नसेल.

काल त्यांच्या घरी गेले. मुलगा आलाय. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्याने अदबीने विचारलं, आपण कोण?

विद्यार्थिनी म्हणावं तर कोर्स कधीच संपला. मी नाव सांगितलं, कोर्सचं म्हटलं, पीडीएफचं म्हटलं.

तो म्हणाला,

"म्हणजे त्या तुम्ही. मी आईला दर फोनला सांगायचो, तब्येत बघ, क्लास बंद कर. तिचं एकच. एकजण वाचते रे, बंद कसा करू?"

मी तिथून निघाले.

आज रविवार आहे. दुपार टळून गेली, मी अजून जेवले नाहीये. कुणाकडे जायचं ते कळत नाहीये.

मॅडम, अगदी मनापासून नमस्कार.