त्रिकोणांची वाटी

चिक्कडपल्लीच्या त्रिवेणीला नाही म्हणताना आवाज चढवावा लागत नाही. ती नाही म्हणते आणि तिथेच बसून राहते. घाम समोरच्याला फुटतो.

मलकपेठेतल्या साचे बनवणाऱ्या वर्कशॉपात ती कंप्यूटरवर डिझाइन करते. मालक उदय पुण्याचे, हुशार आणि सदा घाईत. परवा कृत्रिम पायाच्या गुडघ्यातल्या वाटीचं काम आलं. ग्राहकाने पाठवलेली फाइल होती एसटीएल. या फाइलीत खरी गोलाई नसतेच. बारीक सपाट त्रिकोण जोडून गोलाईचा नुसता भास केलेला असतो. नमुना छापून बघायला तेवढं पुरतं. साच्याला स्टेप फाइल हवी. तिच्यात गोल भाग गोलच राहतो आणि ती कुणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

उदयनी काय केलं, तीच एसटीएल उघडून स्टेप म्हणून सेव्ह केली. डबा बदलला म्हणून पिठल्याचं श्रीखंड होत नाही. नाव स्टेप, आत तेच त्रिकोण. उदयना हे कळत नव्हतं असंही नाही. पण पुन्हा फाइल मागितली तर ग्राहकाला वाटेल यांना काम येत नाही, ही त्यांची धास्ती.

"डिझाइनवर सही करा, मशीनवर जाऊ दे. पॉलिश केल्यावर दिसणारसुद्धा नाही."

"हौ, दिसणार नाही. चालणाऱ्याला कळेल पण. ह्याच्यावर मी सही करत नाही सर."

संताप आला होता तिला. कुणीतरी माणूस त्या वाटीवर दिवसभर चालणार, आणि इथे काळजी कसली, तर अब्रूची!

"मग दुसरं कुणी करेल. तुम्ही उद्यापासून घरी बसा," उदय म्हणाले.

त्रिवेणीने त्यांच्यासमोरच ग्राहक कंपनीतल्या भाग्यलक्ष्मीला फोन लावला. तेलुगूत स्वच्छ सांगितलं, तुमच्या एसटीएलवर साचा होत नाही, स्टेप द्या. चहा निवायच्या आत फाइल आली. तुम्ही मागितलीच नव्हती, भाग्यलक्ष्मी म्हणाली.

उदय लाल झाले. "मला न विचारता फोन?"

"विचारलं असतं तर नक्को म्हणाले असते तुम्ही. आता घरी बसवायचं तर तसा कागद द्या. कारण पण लिहा, गोल वाटी गोलच पाहिजे म्हणाली म्हणून."

उदयनी पेन उघडलं, थोडा वेळ तसंच धरलं. तोवर ती नवी फाइल उघडून कामाला लागली होती.

कागद अजून आलेला नाही. त्रिवेणी रोज येते.