सतरा नंबरचं चुंबक

खोक्यांच्या कारखान्यात तेवीस वर्षं इलेक्ट्रिशियन असलेल्या त्या माणसाला सगळे नंबरकाका म्हणत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची कडी असायची, आणि कुणी बिननंबरी वायर जोडली तर काका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. घरीही तेच. कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात मोडक्या स्विचांचे चांगले भाग 'कधीतरी लागतील' म्हणून साठवलेले, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात बारीक नंबर. बायको म्हणायची, "एक नंबर माझ्या कपाळावरही टाका, म्हणजे मी हरवायची नाही." काकांना विनोद कळत नसे असं नाही, पण हसायला सवड नसायची. रागवायचंच काम फार असायचं.

त्या दोन महिन्यांतला त्यांचा राग मात्र रास्त होता, आणि हे मी त्यांची बाजू घेऊनच सांगतो आहे.

पुठ्ठा कापायच्या प्रेसवर काकांची धाकटी बहीण काम करायची. पुठ्ठा आत सरकवायचा, जाळीचं दार लावायचं, मग पात्यांची जड पाटी धाडकन खाली यायची. दारावर एक चुंबक होतं आणि चौकटीवर साबणाच्या वडीएवढा स्विच. दोघं समोरासमोर असले तरच मशीन चालणार, दार उघडलं की जागच्या जागी थांबणार. एवढा महागडा कंट्रोलर, एवढी रंगीत स्क्रीन, पण बाईचा हात वाचवायचं काम त्या वडीकडे होतं.

जुना स्विच गेला तेव्हा खरेदीवाल्यांनी त्याच्या जागी कुठला तरी स्वस्तातला आणून दिला. त्यात दाराची बिजागरी झिजलेली. प्रत्येक दणक्याला दार थरथरायचं, चुंबक केसभर सरकायचं आणि स्क्रीनवर यायचं : दार उघडं. मशीन बंद. दिवसातून तीस-तीस वेळा.

"साहेब, बिजागरी बदला आणि धड स्विच द्या. अर्ध्या तासाचं काम आहे," काकांनी मॅनेजरला सांगितलं.

मॅनेजर वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. तो म्हणाला, "स्क्रीनवर मेसेज येतोय ना काका? मग प्रोग्रामचा प्रॉब्लेम असणार."

प्रोग्रामवाला दोनदा आला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, मेसेजचा रंग बदलून गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! काकांनी लेखी दिलं, तोंडी सांगितलं, साहेबांना जिन्यात अडवून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आरडाओरडा करून झाला की काका खाली यायचे आणि रिसेट दाबून मशीन चालू करून द्यायचे. रिसेटची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

मग एका बुधवारी मशीन एकदाही थांबलं नाही. गुरुवारीही नाही. साहेबांनी वरूनच अंगठा दाखवला. "बघा काका, म्हटलं नव्हतं? प्रोग्रामच होता."

औषध न घेता बरं झालेल्या दुखण्यावर काकांचा विश्वास नव्हता. ते तडक प्रेसपाशी गेले. बहीण पुठ्ठ्यांचा नवा गठ्ठा आणायला गेली होती आणि पाटी रिकामीच खालीवर होत होती. काकांनी दार उघडलं.

पाटी थांबली नाही. उघड्या दारासमोर, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर ती धाडकन खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली. काकांनी लाल बटणावर मूठ मारली. मग वाकून पाहिलं. चौकटीवरच्या स्विचला काळ्या टेपने एक सुटं चुंबक चिकटवलेलं होतं. दार उघडं असो वा बंद, स्विच बिचारा समजत होता की सगळं ठीक आहे.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण तो नालायक, त्याला आत्ता उभा सोलतो, म्हणत त्यांनी टेप ओरबाडली. चुंबकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : १७.

काकांशिवाय तो डबा कारखान्यातल्या एकाच माणसाला ठाऊक होता. ती त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहायची.

बहीण गठ्ठा घेऊन आली. भावाच्या हातात काय आहे ते तिने पाहिलं आणि गठ्ठा खाली ठेवला.

"हे तू लावलंस?"

"हो."

"बाबांच्या शर्टाची बटणं कोण लावायचं गं?" काकांचा आवाज फाटला. बाबांच्या उजव्या हाताची चार बोटं अशाच एका प्रेसने नेली होती. तेव्हा प्रेसला दारं नसायची.

"मी लावायचे. तू पहाटेच शाळेला पळायचास. बटणांचं मला विचारतोस, दादा?"

तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"मशीन तीस वेळा थांबतं. माल कमी पडला की फलकावर लाल खडूने माझं नाव लागतं, तुझं नाही. तू रोज भांडतोस आणि रोज रिसेट दाबून जातोस. मशीन चालतंय म्हटल्यावर तुझं कशाला कोण ऐकेल? तुझ्या रागाची सवय झालीय त्यांना. पंख्याचा आवाज होतो ना, तसा!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काका पॅनेलकडे गेले, मेन स्विच खाली ओढला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

साहेब वर्षभरात पहिल्यांदा जिना उतरून प्रेसपाशी आले. "काका, हे काय? बाहेर ट्रक उभा आहे!"

"बिजागरी आणि स्विच."

"अहो, मागवतो म्हटलं ना. आधी चालू करा. नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

काका ओरडले नाहीत. आजूबाजूचे सगळे त्यामुळेच घाबरले. त्यांनी चुंबक साहेबांपुढे धरलं. "हे परत चिकटवतो. दार उघडं ठेवून एक पुठ्ठा तुम्ही स्वतः आत सरकवा. लगेच कुलूप काढतो."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं. हात खिशात घातले. मग स्टोअरकीपरला हाक मारली.

वीस मिनिटांत बिजागरी आली, स्विचही आला. अस्सल, जाडजूड, बंद खोक्यात. पुढच्या महिन्यात पाहुण्यांना दाखवायच्या नव्या मशीनसाठी तो राखून ठेवला होता. खोक्यावर बोटभर धूळ होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो तिथेच, चाळीस पावलांवर पडून होता!

काकांनी दोन्ही वस्तू बसवल्या, वायरींना नंबर घातले. कुलूप काढून मशीन चालू केलं आणि पाटी हलताच दार उघडलं. ती खाडकन थांबली. तीनदा केलं, तीनदा थांबली. बहिणीने दार लावलं आणि कामाला लागली.

घरी आल्यावर काकांनी कपाटावरचा डबा खाली घेतला आणि एकेक चुंबक पायरीवर ठेवून हातोडीने फोडायला सुरुवात केली. बायको आतून म्हणाली, "अहो, साहेबांवरचा राग पायरीवर काय काढताय?"

साहेबांवर राग होताच, तो मरेपर्यंत राहणार होता. पण हातोडी त्याच्यासाठी चालत नव्हती. दिवसाला तीस वेळा, दोन महिने, ते मशीन बंद पडून सांगत होतं की इथे हात जाईल. आणि प्रत्येक वेळी त्याला गप्प करणारं बोट त्यांचं स्वतःचं होतं.