डेन्मार्कवाल्याची चाल

निलंग्यातले आमचे बियाण्यांचे दुकानदार भजनी मंडळात पेटी वाजवतात. दुकानात मात्र मोबाईलवर डेन्मार्कच्या चारशे वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराचं ऐकत बसतात. गिऱ्हाईक आलं तरी आवाज कमी करत नाहीत. "राजाच्या दरबारात होता बिचारा. आता तिकडंबी कुणाला ठाव न्हाई," असं हळहळतात आणि दर वेळी मला बजावतात, "कुणाचं वाजवलं तर त्याचं नाव घ्यायला पायजे, सर."

परवा गल्लीतले एक अप्पा वारले. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना सजवून बसवलं होतं आणि समोर भजन चाललं होतं. दोन भजनांच्या मधे सगळे दम घेत असताना पेटीवर बसलेल्या आमच्या दुकानदारांची बोटं त्या डेन्मार्कवाल्याच्या चालीवर गेली. टाळकऱ्यांनी हळूच ठेका धरला. बायका डोळ्यांना पदर लावून ऐकत राहिल्या. चाल ओळखली ती फक्त मी.

अप्पांच्या बायकोनं विचारलं, "लई गोड होतं. कुणाचं भजन हाय, अण्णा?"

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली. "आपलंच हाय, अक्का. जुनं."

आता मी दुकानाची पायरी चढलो की ते मोबाईल बंद करतात.