दोन छटा उजळ

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सिंगापूरमधल्या एका छोट्या मासिकासाठी मी फोटो काढतो आणि सुधारतो. शहराच्या पुंगोल भागात पाण्याकाठी राहणाऱ्या, लहान मुलं असलेल्या आयांवर आमचा एक अंक होता. त्यांतली एक आफ्रिकेतून आलेली. फोटोआधी तिनं कोपरांना, गालांना सावकाश तेल चोळलं आणि डोळे मिटून चेहरा उन्हाकडे धरला. ते काळं, तुकतुकीत रूप पाण्यावरच्या उजेडात असं काही तरंगत होतं, की मी कॅमेरा विसरून नुसता बघत राहिलो.

ऑफिसात मात्र मी तो चेहरा दोन छटा उजळला. कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या बायोडाटासाठी बहिणींचे फोटो असेच उजळून दिले होते; वाटलं, हिचंही भलंच करतोय.

अंक द्यायला तिच्या फ्लॅटवर गेलो, तर तिची लहानगी लगेच पानं उलटत आईला शोधू लागली. आईच्या पानावरूनही ती पुढे गेली. आईनं पान मागे उलटून स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मम्मा, दिस नॉट यू ला!" मुलगी इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावत म्हणाली.

बाई रागावली नाही. मुलीच्या केसांतून हात फिरवत तिच्या संथ इंग्रजीत मला म्हणाली, "प्रत्येक मासिकात ही आमच्यासारखं कुणीतरी शोधते. आज सापडलं असतं."

खिडकीबाहेरून एलआरटीची छोटी ट्रेन आवाज न करता सरकत गेली. "छपाईत रंग बिघडला," मी म्हणालो.

त्या मुलीला तिची आई, आहे त्या रंगात, छापून देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.