अण्णांसाठी एका हाताचं पुस्तक

मंडळी, समस्त प्रकाशकांविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. कीबोर्डच्या ‘सोप्या’ नोटेशनचं एकही पुस्तक स्टँडवर उघडं राहत नाही. दोन सूर वाजवले की आपलं आपण मिटतं.

आज उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या वाद्यांच्या दुकानात अशी पाच पुस्तकं चाळली. सगळ्यांत उजव्या हाताला सरगम आणि डाव्या हाताला कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-चार सूर.

"शेठ, बिना कॉर्डवाला नाही का?"

"वो तो बच्चों का आता है. बच्चा कितने साल का है?"

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो.

शेठ हसले नाहीत. "बाबूजींना सांगा, ताल का बटन दबाके छोड दो. ठेका मशीन सांभाळेल."

अण्णा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवायचे. भाता मारणारा डावा हात यंदा पक्षाघातानं गेला, म्हणून हा कीबोर्ड आणला. पण आता चालीही आठवत नाहीत. पुस्तकात बघून वाजवणाऱ्यांना ते ‘टायपिस्ट’ म्हणायचे.

ते मुलांचंच पुस्तक घेऊन कात्रपला घरी आलो. अण्णांनी चष्मा लावला आणि त्यातलं पहिलं पान तीन बोटांनी वाजवलं. दोनदा चुकले.

"टायपिस्ट झालो रे," ते म्हणाले.

मी पुस्तकाचं मिटू लागलेलं पान बोटानं दाबून धरलं.

तुम्ही कधी घरच्या माणसाला दाद दिली आहे का? मी चारचौघांत अण्णांच्या पेटी वाजवण्याच्या नकलाच केल्या.

त्यांच्या शेजारी बसलो आणि हळूच म्हटलं, "अण्णा, वन्स मोअर."